मुऐदर ते मुंबई, मार्गे मार्सेय



“आता काय, जग जवळ आलंय” हे वाक्य परदेशात राहणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. गावाकडचे लोक ते कौतुकाने म्हणतात, आणि आपण ते स्वतःची समजूत घालायला म्हणतो. १९९७ साली फ्रान्सेस केर्नक्रॉस या ब्रिटिश पत्रकार बाईंचं ‘द डेथ ऑफ डिस्टन्स’ हे पुस्तक आलं. तेव्हापासून अंतर वारलं, त्याचा दहावा-तेरावाही उरकला असं गृहीत धरून सगळे बोलू लागले. मला हे पटत नाही. अंतर नकाशावरून उठलं असेल, पण ते दुसरीकडे जाऊन बसलं आहे. कुठे बसावं हे ठरवणारे कोण, हा प्रश्न आपल्यासारख्या स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी विचारायला हवा, आणि तो आपण फारसा विचारत नाही.

मी राहतो मुऐदरला. दोह्याच्या पश्चिमेला, अल रय्यान नगरपालिकेत हे उपनगर येतं. उंच भिंतींच्या आतले दुमजली व्हिला, त्यातल्या बऱ्याच व्हिलांच्या आत पाडलेल्या खोल्या, कोपऱ्यावर मल्याळी किराणा, असं आपल्यातल्या आखातकरांना न सांगताही कळेल असं गाव. इथून मुंबई सरळ रेषेत सुमारे २,३०० किलोमीटर. आम्ही काही मित्र मिळून मुंबईतल्या एका रात्रशाळेसाठी धड्यांचं एक संकेतस्थळ चालवतो आणि आळीपाळीने व्हिडिओवरून गणित-इंग्रजी शिकवतो. माझी पाळी असली की मुलं हमखास म्हणतात, “सर, तुमचा आवाज मागून येतोय.” मी प्रश्न विचारतो, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा विचारतो, आणि नेमकं तेव्हाच पहिल्या प्रश्नाचं उत्तर येऊन दोन्ही आवाज एकमेकांवर आपटतात.

पोटापाण्याचा धंदा नेटवर्कचाच असल्याने मी ट्रेसरूट लावून पाहिलं. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: संगणकाला ही एक साधी आज्ञा देता येते. आपण पाठवलेला विद्याचा तुकडा कुठल्या कुठल्या टप्प्यांवरून गेला आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला, ते ती दाखवते.) पहिले दोन-तीन टप्पे दोह्यातले. पुढचा टप्पा फ्रान्समधलं मार्सेय. त्यानंतर मुंबई. जाऊन येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या वर.

आता हिशेब करा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुऐदर ते मुंबई सरळ तार टाकली तर जायला बारा मिलिसेकंदही लागू नयेत, येऊन-जाऊन तेवीस. केबल सरळ नसते, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून वळसा घेते, मधली यंत्रं आपला वेळ खातात, म्हणून चाळीस धरा. आमचे धडे मात्र कतारहून निघून होर्मुझमधून बाहेर पडतात, ओमानच्या समुद्रात येतात, जिथून मुंबई समोर आहे, आणि तिथून मुंबईकडे पाठ फिरवून अरबस्तानाला वळसा घालत, तांबड्या समुद्रातून, इजिप्तच्या जमिनीवरून, भूमध्य समुद्रातून मार्सेयला जातात. तिथे एका कंपनीच्या हातातून दुसऱ्या कंपनीच्या हातात पडतात आणि त्याच तांबड्या समुद्रातून परत फिरून मुंबईला येतात. दादरहून माटुंग्याला जायला पुणेमार्गे नाशिक करावं तसला हा प्रकार.

हे रोज असंच होतं असं नाही. मार्ग बदलतात, जायची वाट एक आणि यायची दुसरी असंही असतं, आणि याच मुऐदरमधला शेजारी दुसऱ्या कंपनीचा ग्राहक असेल तर त्याला मुंबई चाळीस मिलिसेकंदांवर दिसू शकते. पण मुद्दा तोच तर आहे. एकाच गल्लीतल्या दोन घरांपासून मुंबई वेगवेगळ्या अंतरावर आहे, आणि हे अंतर समुद्राने ठरवलेलं नाही.

असं का होतं? दोह्यातल्या कंपनीकडे मुंबईपर्यंतची क्षमता आहे. २०१२ पासून चालू असलेली गल्फ ब्रिज इंटरनॅशनलची केबल, २०१७ पासूनची एएई-१, त्याआधीची फाल्कन, या सगळ्या आखाताला मुंबईशी जोडतात. पण केबल असणं आणि दोन कंपन्यांनी एकमेकींचा माल थेट स्वीकारणं या निराळ्या गोष्टी आहेत. थेट देवाणघेवाणीला करार लागतो. लहान कंपनीशी मोठी कंपनी तो करार करायला नाखूष असते, कारण लहानी तिला गिऱ्हाईक म्हणून हवी असते, बरोबरीची म्हणून नको असते. मग लहान कंपनी जाते युरोपच्या बाजारात. लंडन, फ्रँकफर्ट, मार्सेय इथे शेकडो कंपन्या एका छताखाली बसलेल्या, तिथे घाऊक भाव पडतो. दिवा ते डोंबिवलीची भाजी वाशीच्या बाजार समितीतून यावी, तसं.

भारतातही हेच होतं. देशातल्या देशात एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेलं पत्र परदेशात जाऊन परत यायचं, आणि त्या फेरीचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागायचे. हे थांबवायला २००३ साली ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया स्थापन झाली. दुबईत तसलं केंद्र यायला २०१२ उजाडलं. म्हणजे अंतर कमी करण्याचं काम कित्येकदा प्रकाशाचा वेग वाढवून होत नाही, दोन कंपन्यांना एका खोलीत बसवून होतं.

ही वळशाची वाट नवीन नाही, हे मला तपशिलात गेल्यावर कळलं आणि गंमत वाटली. १८५७ च्या उठावानंतर लंडनला हिंदुस्थानची बातमी लवकर हवी होती. १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून तार टाकली ती निकामी झाली. मग १८६४ साली इराणच्या आखातातून तार टाकली, मकरानच्या किनाऱ्यावरून फाओपर्यंत. आज ओमानमध्ये असलेल्या मुसंदमच्या खाडीत, उघड्या कातळाच्या एका इवल्याशा बेटावर तिचं ठाणं होतं. पर्यटकांना आता ते ‘टेलिग्राफ बेट’ म्हणून दाखवतात. फाओच्या पुढे तुर्की साम्राज्याच्या तारा. त्यावर संदेशांची इतकी मोडतोड आणि रखडपट्टी व्हायची की इंग्रजांनी १८७० मध्ये सगळी वाट पाण्याखालून, आपल्या ताब्यातून नेली: मुंबई, एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर, इंग्लंड. एडन-मुंबई टप्पा ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या अजस्र जहाजाने टाकला. आज मुंबईहून युरोपला जाणाऱ्या केबलींचा नकाशा काढा आणि १८७० चा नकाशा त्यावर ठेवा, रेघेवर रेघ बसते. राणीचं राज्य गेलं, पण तिच्या टपालाचा रस्ता तसाच आहे.

मधल्या काळात महाराष्ट्राने तारेला पर्यायही दिले. १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारी संपर्क सुरू झाला तेव्हा प्रक्षेपण केंद्र खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला, डोंगरांच्या कुशीत, परदेशी दळणवळणासाठी उपग्रह केंद्र आलं. विक्रम साराभाईंचं नाव त्याला दिलं गेलं. आपल्यातल्या वयस्कांना त्या काळचे ट्रंक कॉल आठवत असतील: “हॅलो” म्हटल्यावर समोरून “हॅलो” येईपर्यंतची ती पोकळी. तो उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायचा, तसंच उत्तराचं, त्यात अर्धा सेकंद जायचा. ती पोकळी निदान प्रामाणिक होती. निसर्गाची होती. आमच्या रात्रशाळेची पोकळी हिशेबाच्या वहीतली आहे.

आणि ही वाट किती अरुंद आहे ते आपण वारंवार पाहिलं आहे. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबली तुटल्या. दोन दिवसांनी दुबईजवळ फाल्कन तुटली, आणि त्यापाठोपाठ कतार-अमिराती दरम्यानची केबल वीजयंत्रणेतल्या बिघाडाने बंद पडली. भारताची बाहेरच्या जगाशी जोडणारी निम्म्याच्या आसपास क्षमता गेली. त्या आठवड्यात आखातातल्या प्रत्येक चहाच्या टेबलावर कुठल्या तरी गुप्तहेर संघटनेचं नाव निघत होतं. मला शपथेवर सांगणारेही भेटले. दुबईजवळच्या ठिकाणी शेवटी सापडला एक टाकून दिलेला नांगर, पाच-सहा टन वजनाचा. इराणचं आखात उथळ आहे, सरासरी खोली पस्तीस-चाळीस मीटर. इथे नांगर तळाला टेकतोच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हुथींच्या हल्ल्यात सापडलेलं ‘रुबीमार’ जहाज नांगर ओढत तांबड्या समुद्रात भरकटलं आणि एएई-१ सह तीन केबली गेल्या. दुरुस्तीला महिने लागले, कारण येमेनमध्ये सरकारं दोन आणि परवानगी कुणाकडून घ्यायची हाच वाद. ६ सप्टेंबर २०२५ ला जेद्दाजवळ पुन्हा सी-मी-वी-४ आणि आय-मी-वी तुटल्या. भारत, पाकिस्तान, अमिरातीत जाळं मंदावलं आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या ग्राहकांना उशीर होईल असं कळवलं. तरी शहाणपण येतच नाही असं म्हणता येणार नाही. इजिप्त टाळून इस्राएल-जॉर्डन-सौदीमार्गे येणारी गूगलची ब्लू-रामन केबल २०२१ मध्ये जाहीर झाली, आणि २०२३ च्या दिल्लीतल्या जी-२० परिषदेत जो भारत-मध्यपूर्व-युरोप मार्ग गाजला त्यातही केबल आहे. पण हे पर्याय कुठून जातात पाहा. एक सामुद्रधुनी टाळायची तर दुसऱ्या युद्धभूमीवरून. भूगोल बदलता येत नाही, पण शेजाऱ्यांशी कसं वागायचं हे माणसांच्या हातात असतं. जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले तेव्हा आम्ही ते अंगावर काढलं आहे. जमिनीची एकुलती एक सीमा बंद, विमानांना इराणवरून वळसा, जेबेल अलीऐवजी ओमानच्या सोहारमधून येणारा माल. ते जानेवारी २०२१ मध्ये मिटलं. तेव्हा दुधाची चिंता सगळ्यांनी केली. तारांची चिंता कुणी बोलून दाखवली नाही.

कुणी म्हणेल, मला तर मुऐदरमध्ये बसून यूट्यूब झकास दिसतं, तुम्ही कसली रड लावली आहे? बरोबर आहे, दिसतं. कारण यूट्यूब मुंबईहून किंवा कॅलिफोर्नियाहून येतच नाही. बड्या कंपन्या आपल्या मालाच्या प्रती ठिकठिकाणच्या दूरसंचार कंपन्यांच्या दारात ठेवतात. ज्याच्याकडे दोनशे शहरांत प्रती ठेवायचे पैसे आहेत, त्याच्यासाठी अंतर खरंच मेलं. ज्याचा एकच सर्व्हर आहे (रात्रशाळा, जिल्ह्याची सहकारी पतपेढी, एखादं छोटं मराठी नियतकालिक) त्याच्यासाठी ते पूर्वीइतकंच जिवंत आहे. परिणाम असा की दोह्यातल्या मराठी पोराला हिंदी सिनेमाची गाणी शेजारच्या खोलीतून यावीत तशी येतात आणि मराठी बालमासिक सातासमुद्रापलीकडून येतं, अडखळत. मग आपणच म्हणतो, आजकालच्या मुलांना मराठीची ओढ नाही!

त्यावर आणखी एक कडी. एका सरकारी संकेतस्थळावर मला वडिलांच्या जमिनीचा कागद पाहायचा होता. पान उघडेच ना. शेवटी कळलं की परदेशी पत्त्यावरून आलेल्यांना तिथे दारच बंद आहे, सुरक्षेसाठी. म्हणजे तारेने जोडलेलं आणि धोरणाने तोडलेलं. सुरक्षेची गरज मी नाकारत नाही. पण आपल्याच लाखो नागरिकांना शत्रूच्या रांगेत उभं करणारी सुरक्षा ही आळशी सुरक्षा आहे. नुसत्या कतारमध्ये भारतीय आठ लाखांच्या आसपास आहेत. त्यातले बहुतेक इथल्या उन्हात काम करणारे कामगार आहेत, ज्यांना घरचं कागदपत्राचं काम सुट्टी काढून करता येत नाही.

आमच्या शेजारच्या व्हिलात असाच एक वातानुकूलन यंत्रांचा मेकॅनिक राहतो, श्रीवर्धन तालुक्यातला. मला आधी ‘साहेब’ म्हणायचा, आता ‘काका’ म्हणतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा इथे करोनाची टाळेबंदी होती, विमानं बंद. त्याची आई घरी एकटी. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले. सलग कितीतरी दिवस तो गच्चीवर येऊन फोन लावायचा आणि “काका, रिंग पण नाय हो जात” म्हणायचा. शेवटी माणगावपर्यंत चालत-मोटारसायकलने आलेल्या गावच्या एका मुलाने फोन केला की आई ठीक आहे, कौलं गेली. मला त्या दिवसांत सारखं वाटत होतं की इथून मुंबईपर्यंत समुद्रात कोट्यवधी डॉलरच्या केबली ठणठणीत आहेत आणि मुंबईपासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर सगळं संपतं.

खरं तर कोकणाच्या समोरून केबली जातात. मुंबईहून श्रीलंका, चेन्नई, सिंगापूरकडे जाणारी सी-मी-वी-४ रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या समुद्रातूनच जाते. पण थांबत नाही. राजधानी एक्सप्रेस छोट्या स्थानकावरून धूळ उडवत जाते तशी. दूरसंचार नियामकाच्या माहितीप्रमाणे २०२२ अखेर भारतात सतरा आंतरराष्ट्रीय केबली होत्या, चौदा ठाण्यांवर उतरणाऱ्या, आणि ती सगळी ठाणी मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाच शहरांत. मुंबईतल्या बहुतेक केबली वर्सोव्याच्या किनाऱ्याच्या छोट्या पट्ट्यात वर येतात. सगळी अंडी एका टोपलीत, आणि टोपली चौपाटीवर. नांगराच्या एका घसरणीची किंवा एका वादळाची ही जोखीम कुणी मुद्दाम पत्करली नाही. आधीची जिथे आली तिथे पुढची आली, एवढंच. बाजारपेठ मुंबईत, म्हणून केबल मुंबईत, म्हणून विदा केंद्रं मुंबई-नवी मुंबईत, म्हणून पुढची केबलही मुंबईत. ग्रामपंचायतींना तंतूने जोडायची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, अडीच लाख ग्रामपंचायतींचं लक्ष्य. आणि २०२३ मध्ये सरकारला तिच्यासाठी आणखी १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर करावे लागले. यावरून काय ते समजा. (उपग्रहाने हे सगळं सुटेल म्हणणाऱ्यांसाठी: स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला, ठीकच आहे, आपत्तीत उपयोगही होईल, पण तोही शेवटी जमिनीवरच्या ठाण्यांतून आणि सरकारी परवानगीतूनच जोडला जातो, आणि त्याचं मासिक बिल श्रीवर्धनच्या म्हातारीला झेपणार नाही.)

वर्सोव्याचा विषय निघालाच आहे तर तिथल्या लोकांचं बोलू. आपल्यापैकी कितीजण विचार करतात की आपला प्रत्येक व्हिडिओ कॉल वर्सोवा कोळीवाड्याच्या मासेमारीच्या पाण्याखालून जातो? बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत असतात त्याच किनाऱ्यावर जगाची तार वर येते. बोंबलासाठी लावायचं डोलीचं जाळं समुद्रतळाशी घट्ट बांधावं लागतं. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे केबली बिघडतात आणि त्यातल्या बहुसंख्य मासेमारी आणि जहाजांच्या नांगरांमुळे. त्यामुळे कुठेही केबल तुटली की बोट मच्छीमाराकडे दाखवायची सवय आहे. त्याचं जाळं केबलीत अडकून फाटलं तर ती बातमी होत नाही.

इथे कायदा काय म्हणतो ते वाचून मी चाट पडलो. १८८४ साली पॅरिसमध्ये समुद्राखालच्या तारांच्या संरक्षणाचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात म्हटलं आहे की तार वाचवण्यासाठी ज्याने आपला नांगर किंवा जाळं सोडून दिलं, त्याला तारेच्या मालकाने नुकसानभरपाई द्यावी. त्याने बंदरात आल्यावर चोवीस तासांत अधिकाऱ्याकडे तशी नोंद करावी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्यात कलम ११५ म्हणून हेच तत्त्व आलं, आणि भारताने तो करार १९९५ मध्ये मान्य केला. अट एकच, जहाजाच्या माणसांनी आधी शक्य ती काळजी घेतलेली असावी. आता काळजी घ्यायची तर केबल कुठे आहे हे माहीत हवं. ते अक्षांश-रेखांशांच्या इंग्रजी सूचनेत असतं. कोळीवाड्यात, मराठीत, नाखव्याला आपल्या खुणांवरून ओळखू येईल अशा नकाशात ते असायला नको का?

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावर मच्छीमारांनी १९९८ मध्ये केबल कंपन्यांबरोबर एक समिती केली. केबल कुठून टाकायची यावर मच्छीमारांचं मत घेतलं जातं, बोटींना नकाशे मिळतात, केबलीत जाळं अडकलं तर ते ओढायचं नाही, कापून सोडून द्यायचं आणि त्याची भरपाई घ्यायची. कंपनीलाही ते स्वस्त पडतं: जाळ्याची किंमत एका बाजूला, दुरुस्तीच्या जहाजाचा दिवसाचा खर्च दुसऱ्या बाजूला. आणि भारतापुरतं बोलायचं तर दुरुस्तीचं जहाजही परदेशी. भारतीय ध्वजाखालचं जहाज असावं अशी शिफारस दूरसंचार नियामकाने जून २०२३ मध्ये केली आहे. जहाजावर नियामक बोलला, हे उत्तमच. वर्सोव्याचा नाखवा या चर्चेत कुठे आहे?

आपल्या वर्तुळात एक सवय आहे. भारतातल्या जाळ्याच्या गतीबद्दल आपण कपाळाला आठ्या घालतो, ‘इकडे कसं’ हे सांगतो, आणि गप्पा तिथेच थांबतात. पण आपण नुसते ग्राहक नाही. दोहा, दुबई, लंडन, न्यू जर्सी इथल्या दूरसंचार कंपन्यांच्या मार्ग ठरवणाऱ्या टेबलांपाशी आपल्यातलेच काही जण बसतात. कुठल्या कंपनीशी थेट जोडणी घ्यायची, कुठली नाकारायची, मुंबईचा माल मार्सेयला पाठवायचा की समोरच्या केबलीत घालायचा, हे निर्णय काही प्रमाणात आपण लिहिलेल्या तक्त्यांवरून होतात. तिथे आपण “धोरण वरून येतं” म्हणतो. येतं, मान्य. पण त्या धोरणाला लागणारे आकडे आपणच पुरवतो, आणि त्या आकड्यांत रात्रशाळेतल्या पोरांचा रकाना नसतो.

म्हणून दोन गोष्टी ठोस. एक, वर्सोव्यासाठी मराठी केबल-नकाशे आणि कलम ११५ च्या भरपाईची सोपी पद्धत, यासाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याला आणि दूरसंचार विभागाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे. त्यात किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांना आधी विचारल्याशिवाय काहीही पाठवायचं नाही, हे मी वरच लिहिलं आहे. परदेशात बसून त्यांच्या वतीने बोलायचा आपल्याला अधिकार नाही. दोन, ज्यांच्याकडे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या आहेत, त्यांनी रात्रशाळेच्या सर्व्हरपर्यंतचं ट्रेसरूट आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ, लावून मला पाठवावं. वीस-पंचवीस शहरांचे निकाल हाती आले तर ते घेऊन संबंधित कंपन्यांकडे नावानिशी जाता येईल. सर्व्हरचा पत्ता आणि मसुदा, दोन्ही या पत्राला उत्तर पाठवणाऱ्यांना कळवतो. माझी पुढची पाळी गुरुवारी आहे, अपूर्णांक शिकवायचे आहेत.

मुऐदर, कतार